समितीवर उभं राहाच, दादा

मुलीच्या शाळेच्या समितीवर पालक म्हणून उभं राहू का, असं तुम्ही विचारलंत. "समितीवर जाऊन नुसत्या सह्या करायच्या, त्यापेक्षा न गेलेलं बरं," असं त्यावर एकानं लिहिलंय. ते मनावर घेऊ नका. सही कशावर करता, सगळा खेळ तिथंच आहे.

मुलगी महापालिकेच्या शाळेत, म्हणजे तुम्हाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती लागू. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा करणं, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे कायद्यानंच समितीचं काम.

आमच्याकडं एका शाळेत इतिवृत्ताच्या वहीत वर कोरी जागा आणि खाली सगळ्यांच्या सह्या, असं चालायचं. नव्या आलेल्या एका वहिनींनी पेन खाली ठेवलं, "आधी ठराव लिवा, मग सही." सर जरा तापले, पण तेव्हापासून ठराव वाचून दाखवतात.

फ्लेक्सवर पैसे घालवू नका. शाळा सुटताना गेटवर थांबणाऱ्या आयांशी बोला. कुठल्या संडासाला कडी नाही, खिचडी कधी कच्ची असते, सगळं त्यांना तोंडपाठ. तालमीचं, पेठेचं राजकारण मात्र लांब ठेवा. 'नगरसेवकाचा माणूस' असा शिक्का बसला की संपलं.

पालकसभेत शाहू महाराजांचं नाव निघेलच. १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरं न धाडणाऱ्या पालकांना दंडही ठेवला. पालकसभेला दांडी मारणाऱ्यांनाही लावावा वाटतो!

सभेची तारीख कळली का? मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवा.