एचओ (1:87 मापाची मॉडेल रेल्वे) लेआउट: कर्व्ह्ड टर्नआउट (वळणातच लाइन फोडणारे सांधे) कुठले घेऊ आणि रेडियस किती ठेवू?

रूळवेडा_नाशिक
नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांनी घरात 10 बाय 9 फुटांची एक खोली रिकामी मिळालीये. मधोमध 8 बाय 5 चं टेबल टाकायचं, डबल लाइन गोल फिरवायची आणि एका बाजूला स्टेशन असा विचार आहे. गाडी ठरलेली आहे, दख्खनची राणी, ती पण 2022 नंतरची एलएचबी (नव्या पद्धतीचे लांब डबे) वाली, इंजिन आणि सहा डबे. घोडं अडलंय लूपवर (गाडी बाजूला उभी करायची लाइन). वळण संपल्यावर सरळ भागात साधे टर्नआउट टाकले की मधे इंजिन आणि दोन डबे एवढीच जागा उरते. म्हणून लूप वळणातूनच फोडावा असं वाटतंय. सेट-ट्रॅकचे (ठरावीक मापाचे तयार रूळ) कर्व्ह्ड टर्नआउट आहेत 438 मिमी रेडियसचे, ते टेबलवर आरामात बसतात. पेको कंपनीच्या स्ट्रीमलाइन मालिकेतले मोठे, बाहेरची लाइन 1524 आणि आतली 762. कुठले घेऊ?

घाटमाथा
दादा, टर्नआउट नंतर बघू, आधी डब्याची लांबी बघा. एलएचबी डबा बफरसकट साधारण 24 मीटर, म्हणजे 1:87 मध्ये 276 मिमी. सगळ्यात लांब डब्याच्या निदान अडीच पट रेडियस हवा, तिप्पट असेल तर बघायलाही बरं वाटतं, असा हौशी लोकांचा जुना ठोकताळा आहे. अडीच पट म्हणजे 690, तिप्पट म्हणजे 828. तुमचं 438 हे दुप्पटसुद्धा नाही. आणि खऱ्या ब्रॉडगेजला 10 डिग्रीचं वळण हे शेवटचं टोक, म्हणजे 175 मीटर रेडियस, ते 87 ने भागलं तरी 2 मीटर येतं, तेव्हा आपण सगळेच जागेपायी तडजोड करतोय, पण ती कुठवर करायची हे ठरवायला हवं.

5 फुटी टेबल म्हणजे 1524 मिमी रुंदी, त्यात 762 चं अर्धवर्तुळ काढलं तर रूळ बरोबर टेबलच्या काठावर येतो. माझं ऐकाल तर टेबलचा विचार सोडा, भिंतींच्या कडेने शेल्फ करा आणि दाराशी उचलायचा तुकडा ठेवा. त्याच खोलीत चारही कोपरे 760 च्या वर जातात. तो तुकडा न उचलता आत जायचं तर वाकून त्याखालून जावं लागेल, पण तुम्ही मधे उभे आणि गाडी तुमच्याभोवती फिरतेय, हे सुख टेबलवर नाही.

कल्याण_यार्ड
घाटमाथाशी 100% सहमत. मी एका ब्रँडचे 438 वाले कर्व्ह्ड पॉइंट चार घेतले होते. वाघिणी आणि छोटं डिझेल व्यवस्थित जायचं पण सहा चाकी बोगीचं (बोगी म्हणजे डबा नव्हे, खालचा चाकांचा सांगाडा) इंजिन आलं की दर तिसऱ्या फेरीला फ्रॉगपाशी (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे) पुढची बोगी उतरायची. चाकांचं बॅक टू बॅक (दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर) गेजने तपासलं, 14.4 मिमीच्या आसपासच होतं, सांध्याची जीभ घासून बघितली, दोन महिने गेले त्यात. शेवटी चारही काढले.

आता स्ट्रीमलाइनचे वापरतो. एक लक्षात ठेवा, त्यांची बाहेरची लाइन 1524 असते, म्हणजे तुमच्या 760-800 च्या वळणात मधेच एक तुकडा सैल पडतो. बरोबर मधोमध लावलात तर वळण वाकडंतिकडं दिसतं. वळण जिथे सरळ होत येतं तिथे लावा, तो सैल तुकडा मग ट्रांझिशनचं (वळणातून सरळीत हळूहळू येण्याचं) काम करतो आणि डबे झटका न खाता सरळ लाइनला येतात. फ्लेक्स ट्रॅकचा (हवा तसा वाकवता येणारा रूळ) जोड वळणावर येणार असेल तर रूळ सरळ असतानाच सोल्डर करून मग वाकवा, नाहीतर जोडापाशी कोन पडतो.

रूळवेडा_नाशिक
खूप आभार दोघांचे, शेल्फचं बायकोलाही पटलं कारण खोलीत मधे जागा राहते. अजून एक, दोन लाइनमधलं अंतर स्ट्रीमलाइनचं 50 मिमी, तेच वळणावर पण चालेल ना?

घाटमाथा
नाही चालणार, इथे हमखास फसायला होतं. डब्याच्या दोन बोग्यांमधलं अंतर 14.9 मीटर, मॉडेलमध्ये 171 मिमी. त्याचा वर्ग भागिले रेडियसच्या आठपट केलं की डब्याचं पोट आत किती येतं ते कळतं, 762 ला 4.8 मिमी. टोकं बाहेर जातात सुमारे 7 मिमी. आतल्या लाइनच्या डब्याची टोकं आणि बाहेरच्या लाइनच्या डब्याचं पोट समोरासमोर आलं तर 12 मिमी तिथेच गेले, आणि डब्याची रुंदी 37. झाले 49! 50 मध्ये फक्त 1 मिमी उरतो, जरा झोल खाल्ला की घासणार आणि तुमचा ताजा रंग जाणार. वळणावर 60 ठेवा, सरळ भागात हळूहळू 50 वर आणा. पेकोच्या साइटवर टर्नआउटचे खऱ्या मापाचे टेम्प्लेट आहेत, प्रिंट काढा, पण प्रिंटरचं स्केलिंग 100% आहे ना ते पट्टीने मोजून घ्या, आणि जमिनीवर पसरून बघा, मगच पैसे टाका.

रूळवेडा_नाशिक
काल रात्री टेम्प्लेट पसरले, खडूने भिंतीच्या कडेने लाइन मारली आणि डबे एकामागे एक ठेवून पाहिले. दोन्ही टोकांना स्ट्रीमलाइनचे कर्व्ह्ड धरून लूपमध्ये इंजिन आणि पाच डबे मोकळे राहतात, सहावा सांध्यावर येतो. पाचवर थांबतो, रेडियस कमी करणार नाही. दोन उजवे-डावे ऑर्डर करतोय, शेल्फसाठी 12 मिमी प्लाय पुरेल का?

कल्याण_यार्ड
पुरेल, पण खाली दर दीड फुटाला आडवी पट्टी द्या, पावसाळ्यात प्लाय बाक धरतो.