मदत हवी आहे: अमळनेरहून गाडीने कोकण किनारा, सोबत गुडघेदुखीची माय

नमस्कार मंडळी,

आमच्या मायचं वय ७२, आणि तिने अजून समुद्र पाहिलेला नाही. तापी-पांझरेच्या संगमावर, मुडावदला, ती दरवर्षी जाते. मागच्या वेळी पाण्यात पाय सोडून बसली होती. मला म्हणाली, "एवढं पानी जास कोठे, ते माले एकदाव देखनं शे." ते वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून गेलेलं नाही. दुकान, शेती, मुलांच्या परीक्षा यांत दोन उन्हाळे निघून गेले. हा तिसरा वाया जाऊ द्यायचा नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवलंय.

आम्ही सहा जण आहोत. माय, नाना (वय ७६, निवृत्त शिक्षक), मी, बायको, ११ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. सात सीटची डिझेल गाडी आहे, चालवणारा मी एकटा. धुळे-नाशिक रस्ता पाठ आहे, चाळीसगावहून कन्नड घाट कितीतरी वेळा चढलो-उतरलोय, पण कोकणात गाडी कधी नेलेली नाही.

तारखा आमच्या हातात फारशा नाहीत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येते, आठ दिवस राहते. मग वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा, बोरीच्या पात्रात. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. पालखी झाल्याशिवाय माय गावची वेस ओलांडणार नाही. आणि मेच्या अखेरीस ठिबकवरच्या कापसाची लागवड सुरू होते, तेव्हा मी शेतात असायलाच हवा. म्हणजे पौर्णिमेनंतरचे आठ-नऊ दिवस. पावसाचीही धास्ती आहे, कारण २०२५ साली २५ मे रोजीच मान्सून कोकणात उतरला होता.

सगळे म्हणतात, सुरतला जा. अमळनेरहून थेट रेल्वे आहे, डुमसचा किनारा जवळ आहे, आणि तापी तिकडेच समुद्राला मिळते. मायच्या प्रश्नाचं सरळ उत्तर तेच आहे, मान्य. पण नानांची इच्छा वेगळी आहे. त्यांना पालगड पाहायचंय. साने गुरुजींचा जन्म तिथला, १८९९ सालचा. कोकणातला हा माणूस १९२४ साली आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आला आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरला. नाना त्याच शाळेत शिकले. गुरुजींचा विषय निघाला की नाना घरातल्या मोठ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. जिथून ते निघाले ते अंगण एकदा डोळ्यांनी बघायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं. मायचा समुद्र आणि नानांचं पालगड एकाच वाटेवर येतंय, म्हणून दापोलीकडचा किनारा धरला.

नकाशा बघून मी असं जुळवलंय: पहिल्या दिवशी नाशिक मुक्काम. दुसऱ्या दिवशी इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढून भिवंडीजवळचं आमणे, पनवेल, अलिबाग. तिथून किनाऱ्याने रेवदंडा, काशीद, मुरूड, मग आगरदांड्याहून बोटीने दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन. पुढे बागमांडल्याहून वेसवी, मग दापोली, दाभोळहून धोपावे आणि गुहागर. परत येताना चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, पुणे. हे जमण्यासारखं आहे का? की म्हाताऱ्या माणसांना घेऊन एवढं धावू नये आणि एकाच ठिकाणी राहावं?

खरी काळजी मायच्या गुडघ्यांची आहे. दोन वर्षांपूर्वी एका देवस्थानाला गेलो होतो. राहायची जागा फोनवर ठरवली, "तळमजला आहे, निर्धास्त या" म्हणाले, आगाऊ पैसे घेतले. पोचलो तर खोली दुसऱ्या मजल्यावर. माय कठडा धरून, पाय आडवा टाकत, एकेक पायरी चढली. रात्री गुडघे इतके सुजले की सकाळी ती दर्शनाला आलीच नाही. "तुम्ही जाई या," म्हणाली आणि खिडकीतून कळस बघत बसली. समुद्राच्या बाबतीत हे पुन्हा होऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

म्हणून विचारतो. कुठल्या किनाऱ्यावर गाडी पाण्याच्या जवळ जाते आणि वाळू घट्ट, सपाट असते? फार न चालता मायचे पाय पाण्यात बुडायला हवेत. खरोखर तळमजल्याची, कमोड असलेली घरगुती जागा कुठल्या गावात सहज मिळते? बोटीवर गाडी चढवताना माणसांना उतरावं लागतं का? आणि माय-नाना दोघं माळकरी आहेत, मासळीच्या मुलखात त्यांच्या जेवणाचं कसं करायचं?

ज्यांनी आईवडिलांना घेऊन हा प्रवास केलाय त्यांनी आवर्जून लिहा.

प्रतिसाद १

दादा, मी गुहागर तालुक्यातला. नुसता एक किनारा गाठून राहिलात तर प्रवास सोपा होईल, पण तुमची आखणी चुकीची नाही. फक्त दिवसाला एकच खाडी ओलांडा. बोटीवर गाडी थेट आत जाते, वयस्कर माणसं गाडीतच बसून राहिली तरी चालतं. गाडीचं आणि माणसांचं तिकीट वेगळं. या बोटींनी मोठे वळसे वाचतात. दाभोळची बोट नसेल तर खेड-चिपळूण फिरून यावं लागतं. म्हणून शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवू नका, दुपारच्या आत खाडी पार करा.

मायना समुद्र पहिल्यांदा दिवेआगरला दाखवा. वाळू घट्ट आहे, उतार अगदी हळू. पण भरती-ओहोटी बघून जा. आमच्याकडची जुनी रीत सांगतो, तुमच्या घरी दिनदर्शिका असेलच: तिथीची पाऊणपट करा, येईल ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. तुम्ही पौर्णिमेनंतर निघताय, समजा तृतीयेला दिवेआगरला आहात, तर सव्वादोनच्या आसपास पूर्ण भरती. संध्याकाळी सात वाजता गेलात तर पाणी लांब मागे हटलेलं असेल आणि मायना ओल्या वाळूतून बरंच चालावं लागेल. पाच वाजता जा. पाणी अर्ध्यावर असतं, नुकती ओली झालेली वाळू पायाखाली घट्ट लागते, ऊनही उतरलेलं असतं. हलकी प्लास्टिकची खुर्ची सोबत घ्या, घोटाभर पाण्यात ठेवून बसवा, एकाने मागून धरा. पौर्णिमेच्या मागेपुढे उधाणाचं पाणी असतं, तेव्हा मुलांवर नजर ठेवा.

गाडी वाळूत घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. दर उन्हाळ्यात भरतीत अडकलेल्या गाड्या दोर लावून ओढाव्या लागतात. हरिहरेश्वरला देवळात खुशाल जा, पण खडकावरून जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग माय-नानांना नको, आणि भरतीच्या वेळी तर कोणालाच नको. तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत.

जंजिऱ्याला होडीतून पायरीवर उतरताना धड माणसालाही आधार लागतो. मुलांना घेऊन तुम्ही जा, माय-नानांना राजपुरीच्या वरच्या रस्त्यावरून किल्ला दाखवा, छान दिसतो. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला मात्र गाडी वरपर्यंत जाते, तो चुकवू नका. गुहागरला या, सुरूच्या बनातून किनारा गाठता येतो आणि सावलीत बसता येतं. हेदवीच्या बामणघळीत भरतीला पाणी उसळतं ते मुलांना आवडेल, पण लांबूनच.

प्रतिसाद २

भाऊ, मी भुसावळची. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन मे महिन्यातच गेलो होतो, म्हणून अनुभवाचं सांगते. आपल्याकडे ४४ अंशांत अंग भाजतं पण घाम वाळून जातो. तिथे पारा ३४ असतो आणि अंगावरचा कपडा दिवसभर ओला राहतो. पहिल्याच दिवशी सासूबाईंना गळून गेल्यासारखं झालं. मीठ-साखर-लिंबाचं पाणी गाडीत कायम ठेवा, सुती लुगडीच घ्या, दुपारी बारा ते चार बाहेर काढूच नका. आणि खोली घेताना "कूलर आहे" यावर जाऊ नका. आपला कूलर कोरड्या हवेत गारवा देतो, दमट हवेत तो नुसता ओलावा वाढवतो. एसी घ्या, किंवा वाऱ्याची खोली आणि चांगला पंखा.

समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ पासून सुरू आहे, आठेक किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. म्हाताऱ्या माणसांना त्याचा फार आराम. टायरमधली हवा नाशिकलाच तपासून घ्या. डिझेल अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावांत भरत जा, मधल्या वाड्यांत पंप शोधत बसावं लागतं.

जेवणाची अजिबात चिंता नको. ब्राह्मणी पद्धतीच्या घरगुती खानावळी दिवेआगर, श्रीवर्धन, गुहागर सगळीकडे आहेत, निव्वळ शाकाहारी. पण सकाळीच फोन करून माणसं सांगावी लागतात, आयत्या वेळी मिळत नाही. उकडीचे मोदक, फणसाची भाजी, डाळिंबी उसळ, सोलकढी. आमच्या सासऱ्यांना दुसऱ्या दिवशीच तिखटाची आठवण झाली, म्हणून शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि बिबड्या सोबत ठेवा. खोलीबद्दल एक करा: पैसे पाठवण्याआधी दारापासून पलंगापर्यंत आणि न्हाणीघरापर्यंत चालत जाऊन व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. जो खरा असतो तो लगेच पाठवतो. न्हाणीघराला उंबरा किती उंच आहे तेही त्यात दिसतं.

प्रतिसाद ३

नानांना सांगा, पालगडला गुरुजींचं घर जपून ठेवलेलं आहे. दापोलीला दोन रात्री राहा आणि पालगडसाठी एक अख्खी सकाळ मोकळी ठेवा. वाटेवर जाता जाता उरकू नका, नाना तिथून लवकर उठायचे नाहीत. गुरुजींचं शिक्षण दापोलीतही झालं, तेही त्यांना ठाऊक असेलच.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पाऊणपटीचा हिशोब नानांनी लगेच दिनदर्शिका काढून पुढच्या पंधरा दिवसांचा करून पाहिला, मुलीला पाटीवर मांडून दिला. कोकण आता दोनच मुक्कामांत करायचं ठरलंय, दिवेआगर आणि दापोली. त्याआधी जाताना एक रात्र अलिबागला. गुहागर पुढच्या वेळी, चिपळूणचा परतीचा रस्ताही रद्द. ताई, व्हिडिओची युक्ती आजच वापरली. दोन ठिकाणी विचारलं, एकाने पाच मिनिटांत पाठवला, दुसऱ्याने फोन उचलणं बंद केलं. पहिल्याकडेच पैसे भरतोय.

मायने एक नवीन काढलंय. निघायच्या आधी मुडावदला जाऊन कळशीभर तापीचं पाणी आणायचं आणि दिवेआगरला समुद्रात सोडायचं. सुरतेला नाही जाता आलं तरी तापी आपल्या हाताने पोचती होईल, असं तिचं म्हणणं. कळशीच्या तोंडाला फडकं आणि वरून ओली कणीक लावायची, तेही ठरलंय.

तेव्हा दिवेआगरची पाचची वेळ चुकवून चालणार नाही. अलिबागहून काशीद-मुरूड मार्गे आगरदांड्याची बोट धरायची, वाटेत मायला दोनदा उतरवून पाय मोकळे करायचे, राजपुरीला थोडं थांबायचं, दुपारचं ऊनही टाळायचं. तर अलिबाग सकाळी किती वाजता सोडावं? एवढं कोणीतरी सांगा.