स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच का राहते?

प्रश्न (जालना): आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायबलमधील स्तोत्रसंहितेचा क्रमाने अभ्यास चालू आहे. स्तोत्र १३ आक्रोशाने सुरू होऊन ६ वचनांतच स्तुतीपर्यंत पोहोचते. स्तोत्र ८८ मात्र अंधारातच संपते. याचा ईश्वरशास्त्रीय अर्थ कसा लावावा?

उत्तर (परभणी): विलापस्तोत्रांत तक्रार, विनवणी आणि विश्वासाची कबुली असे टप्पे सहसा आढळतात, येथे शेवटचा टप्पा येतच नाही. तरीही आरंभीच कवी देवाला आपला तारणारा म्हणतो आणि रात्रंदिवस त्यालाच हाक मारतो. मृत तुझे स्तवन करतील काय, हा त्याचा प्रश्न मला निव्वळ हताशेचा वाटत नाही, कारण मृतलोकात देवाचे स्तवन होत नाही या प्राचीन इस्राएली धारणेचा आधार घेऊन, भक्त मेला तर तुझीच स्तुती थांबेल, असे तो देवाला सुनावत आहे. आपल्या गंगाखेडच्या जनाबाई विठ्ठलाला ज्या हक्काने खडसावतात, तोच हा हक्क. (साम्य एवढेच, दोन्हींची तत्त्वभूमी वेगळी आहे.)

उत्तर (पैठण): सहमत आहे; मात्र दिलाशासाठी घाईने स्तोत्र ८९ कडे वळू नये. तेही अभिषिक्त राजाच्या अपमानाच्या तक्रारीवरच थांबते, आणि त्यानंतरचे स्तुतिवचन हा ५ भागांच्या संहितेतील तिसऱ्या भागाचा समारोप मानला जातो.

प्रश्नकर्ता: मग अभ्यासाच्या शेवटी स्तोत्र २३ (‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे दिलाशाचे स्तोत्र) म्हणण्याचा बेत सोडावा काय?

उत्तर (परभणी): त्या दिवसापुरता अवश्य सोडावा. ज्यांनी हे स्तोत्र संहितेत ठेवले, त्यांनी त्याला गोड शेवट जोडला नाही; आपणही जोडू नये.