टंकठसा की टंकवळण? टायपिंगच्या लकबीवरून ओळख पटवण्याला शब्द हवा

विचारणा

एका कळफलकाच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. कळफलक मधोमध दुभंगलेला आहे, म्हणजे टाइप करताना मनगटं बाहेर वळत नाहीत. कोपऱ्यात बोटाचा ठसा घेणारी कळ आहे. शिवाय टायपिंग चालू असताना, सुरुवातीला बसलेली व्यक्तीच अजून बसलेली आहे का, हे तो तपासत राहतो. या शेवटच्या गोष्टीला इंग्रजीत 'कीस्ट्रोक डायनॅमिक्स' म्हणतात. त्यासाठी 'कळाघात गतिकी' असा शब्द सुचवला गेलाय. मला 'टंकठसा' बरा वाटतो. माहितीपत्रक ऑफिसातले कारकून आणि डेटा एंट्री करणारी मंडळी वाचणार आहेत. काय ठेवू?

प्रतिसाद

'कळाघात गतिकी' ठेवू नका, तो कुणाच्याच तोंडी बसणार नाही. 'टंकठसा' कळायला सोपा आहे, पण माझा विरोध त्यालाच जास्त आहे.

आधी हे यंत्र काय मोजतं ते पाहू. प्रत्येक कळ किती वेळ दाबलेली राहिली आणि एक कळ सोडल्यापासून पुढची दाबेपर्यंत किती वेळ गेला, ही मुख्य मापं. दोन्ही मिलिसेकंदांत. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकाच्या मांडणीत 'रक्त' टाइप करून बघा. र आणि क उजव्या हाताने, पाय मोडायची कळ डाव्या हाताने, त पुन्हा उजव्या हाताने. उजव्या हाताकडून डाव्याकडे आणि परत उजव्याकडे येताना प्रत्येकाचा वेळ थोडा निराळा लागतो. कुणाची पाय मोडायची कळ क सुटायच्या आतच दाबली जाते, कुणी तिथे किंचित थबकतो. तोच माणूस रोमन अक्षरांवरून फोनेटिक पद्धतीने 'रक्त' लिहायला लागला की पाच कळा होतात, हातांची सगळी फिरवाफिरव बदलते, आणि आधी नोंदवलेला नमुना निरुपयोगी ठरतो. नवा दुभंगलेला कळफलक घेतला तरी बोटांची अंतरं बदलतात आणि नमुना काही दिवस जुळत नाही. तुमच्या माहितीपत्रकात हे आवर्जून यायला हवं.

ठशाचं तसं नसतं. रेशन दुकानात मजुराचा अंगठा मशीन घेत नाही, तेव्हा ठसा झिजलेला असतो, पण त्याच्या रेषा दुसऱ्या कुणाच्या झालेल्या नसतात. टायपिंगची लकब सवयीतून येते. बोट दुखावलं, झोप झाली नाही, थंडीत हात आखडले, की ती हलते.

याला मराठीत शब्द आहे: वळण. आपण अक्षराचं वळण म्हणतो, हाताला वळण लागलं म्हणतो, मुलांना वळण लावतो. सवयीने येणारं, माणसागणिक वेगळं, आणि प्रयत्नाने बदलता येणारं, असं सगळं त्यात आहे. मोडी कागद वाचणारे चिटणिशी वळण, बिवलकरी वळण असं म्हणतात. जुन्या पत्रांत ओळख पटवायला मुद्रा असे, शेवटी मोर्तब, म्हणजे पत्र संपल्याचा शिक्का, असे. शिवाजी महाराजांच्या पत्रांतलं 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तबच. पण शिक्का चोरता येतो, नकली करता येतो. म्हणून पत्र अस्सल की बनावट हे ठरवताना जाणकार अक्षराचं वळणही पाहतात. तुमचा कळफलक त्याच जातीचं काम करतो, म्हणून मी 'टंकवळण' म्हणेन.

प्रतिसाद

वळण म्हटल्यावर लोकांना रस्त्याचं वळण आठवेल. 'हात' का नको? टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये 'हात बसला' असंच म्हणतात. तारखात्यातही हेच होतं. मोर्स पाठवणाऱ्याच्या लकबीला इंग्रजीत 'फिस्ट' म्हणत, म्हणजे मूठ. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संदेश चोरून ऐकणारे ब्रिटिश जर्मन ऑपरेटरांना त्या मुठीवरून ओळखत, संदेशातली सांकेतिक नावं बदलली तरी.

प्रतिसाद

'हात' बोलण्यात सुंदर आहे, पण 'हाताची नोंद घेतली जाईल' असं माहितीपत्रकात लिहिलं तर वाचणारा पंजाचा ठसा समजेल. रस्त्याचा घोटाळा 'टंक' जोडल्यावर राहत नाही.

त्याहून महत्त्वाचा शब्द 'ओळख' आहे. 'कळफलक तुम्हाला ओळखतो' असं कृपया लिहू नका. अनोळखी माणूस कोण हे शोधणं एक, आणि 'मी अमुक' म्हणणाऱ्याची खातरजमा करणं दुसरं. हे दुसरं काम आहे, त्याला आपण 'ओळख पटवणं' म्हणतो. १९८० साली अमेरिकेत रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने मोजक्या व्यावसायिक टंकलेखिकांवर सुरुवातीचे प्रयोग केले, तेही खातरजमेचेच होते. २००९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात ५१ जणांनी एकच पासवर्ड प्रत्येकी ४०० वेळा टाइप केला. तिथे तपासलेल्या पद्धतींपैकी सगळ्यात चांगलीचीही चूक साधारण ९.६ टक्के निघाली, म्हणजे खऱ्याला अडवणं आणि खोट्याला सोडणं, दोन्ही तेवढ्याच प्रमाणात. एवढी चूक असताना 'ठसा' हा शब्द वापरला की वाचणाऱ्याला खात्रीचा भास होतो. उद्या एखाद्या कारकुनाला 'तुझा टंकठसा जुळला नाही' म्हणून जाब विचारला गेला तर समोरच्याला ते पुराव्यासारखं वाटेल. 'टंकवळण जुळलं नाही' म्हटलं तर निदान 'का बरं?' असं विचारायला जागा उरते. माझा सगळा आग्रह यासाठी आहे.

'बायोमेट्रिक' तसाच राहू द्या, ऑफिसातल्या हजेरीमुळे तो सगळ्यांना माहीत आहे. 'अर्गोनॉमिक', म्हणजे वापरताना शरीराला ताण न देणारा, यासाठी मी 'हाताजोगा' लिहीन.

विचारणा करणारीकडून

पटलं. मथळ्यात 'टंकवळण' ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे 'टायपिंगचं वळण' असं फोडून सांगते. मजकूर असा केलाय: 'हा हाताजोगा कळफलक आपल्या टायपिंगच्या वळणावरून आपली ओळख पटवतो. त्यासाठी कळा दाबण्या-सोडण्याच्या वेळांची नोंद ठेवली जाते. हाताला दुखापत झाल्यास किंवा कळफलक बदलल्यास वळण जुळणार नाही. तेव्हा नव्याने नोंदणी करा.'

प्रतिसाद

छान. 'नोंद ठेवली जाते' याच्या पुढे ती कुठे, किती दिवस आणि कोणाला दिसेल, हेही कंपनीकडून विचारून घाला. आणि 'जुळणार नाही'ऐवजी 'जुळेलच असे नाही' करा.