उत्तर: हॉपिन जॉनचा गिचका का होतो?

हॉपिन जॉन म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातला चवळी आणि बेकन (खारवून धुरी दिलेलं डुकराचं मांस) घातलेला भात. चवळी आणि तांदूळ एकदमच कुकरला लावलेत ना? मग गिचका होणारच. चवळी आधी वेगळी, उघड्या भांड्यात शिजवा. बोटाने दाबली तर चेपली पाहिजे, पण साल फाटता कामा नये. ते काळपट पाणी मात्र ओतून देऊ नका, भात त्यातच शिजवायचा. सगळी चव तिथेच असते. वाटीभर लांब दाण्याच्या तांदळाला दीड-पावणेदोन वाट्या पाणी पुरतं. झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा, मध्ये ढवळायचं नाही, आणि आच बंद केल्यावर दहा मिनिटं वाफ मुरू द्या.

साउथ कॅरोलिनात १८४७ साली छापलेल्या 'द कॅरोलिना हाउसवाइफ'मध्ये हेच आहे: लाल चवळी अर्धी शिजली की बेकन, चवळी पुरती शिजली की तांदूळ, शेवटी निखाऱ्यांवर वाफ. मसाला म्हणाल तर मीठ, मिरपूड आणि हवा असल्यास पुदिना! कांदा, सेलरी, थाइम आता बरेच जण घालतात. पदार्थामागचं कसब मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचं, हे मात्र पाककृतींच्या जुन्या पुस्तकांत बहुधा येत नाही.

शाकाहारी करायचा तर बेकनऐवजी स्मोक्ड पॅप्रिका (धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड) तेलात परतून घाला. गोडा मसाला कृपया नको, मग ती आपली चवळीची खिचडीच झाली (चांगली लागते, तो भाग वेगळा). तिकडच्या प्रथेप्रमाणे नववर्षाच्या शुभशकुनासाठी १ जानेवारीला करणार असाल तर सोबत कोलार्डची (कोबीच्या जातीची पालेभाजी) भाजी आणि कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा ब्रेड) हवाच.