प्लायवूडची शिडाची होडी घरी बांधून मांडवा ते मालवण?

मचवा_ठाणे:
नमस्कार मंडळी. सोसायटीमागची शेड वर्षभरासाठी मिळाली आहे, तिथे होडी बांधायची आहे. केबिनवाली १५ फुटी पॉकेटशिप की उघडी वेफेअरर, इथे घोडं अडलंय. थंडीत मांडव्याहून टप्प्याटप्प्याने मालवण गाठायचा बेत आहे. डिंगी (छोटी उघडी शिडाची होडी) चालवता येते, सुतारकामही जमतं. प्लाय इथलाच चालेल ना?

जयगडवाला:
वेफेअरर घ्या. १९५७ सालचा आराखडा आहे, मुळात प्लायचाच. फ्रँक डाय १९६३ साली याच उघड्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलँडला गेले होते. आपल्याकडे केबिनमध्ये दुपारी उकडून निघाल. रात्री बूमवर (शिडाखालच्या आडव्या दांड्यावर) ताडपत्री टाकली की झालं.

प्लाय आयएस ७१० चाच, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा. शिक्का दुकानदार दाखवेलच, तुम्ही कड बघा. आतल्या थरात पोकळी दिसली तर शीट परत. एक तुकडा दिवसभर उकळा, थर सुटले तर दुकान बदला. गर्जन लाकडाचा प्लाय ओकूमे या हलक्या लाकडाच्या प्लायपेक्षा जड असतो, ६ मिमीच्या शीटमागे तीन-चार किलो तरी जास्त. शीट ८ फुटी, म्हणजे सांधा आलाच. दोन्ही कडा तिरप्या तासून तो १:८ उताराचा धरा, ६ मिमीला ४८ मिमी.

स्वस्त पडतं म्हणून पॉलिएस्टर रेझिन आणू नका, लाकडाला नीट धरत नाही. इपॉक्सी थोडं थोडं कालवून लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, डब्यात राहिलं की तापून धूर सोडतं. दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट साय धरते. ती आधी पाण्याने घासून धुवा, पॉलिशपेपर नंतर.

पण खरी गोम परतीची आहे. दुपारचा वारा वायव्येचा. मालवणला जाताना तो पाठीशी, कुणीही जाईल. येताना तोच तोंडावर, आणि लाटही समोरून. उजाडायच्या आत मतलईवर (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर) निघायचं, वारा फिरायच्या आत खाडीत शिरायचं. विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, बाणकोट, राजपुरी अशा खाड्या वाटेत आहेत म्हणून हे जमतं. मतलई पडली तर वल्ही मारावी लागतात. केबिनचं धूड वल्ह्यावर ओढून बघा म्हणजे कळेल!

बंदरकाठ:
जयगडवाल्यांशी सहमत. सुकाणूचं पातं आणि सेंटरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी) दोन्ही वर उचलता येणारे ठेवा. रायगडच्या किनाऱ्याला डोल जाळी बांधायला समुद्रात रोवलेले खुंट अंधारात दिसत नाहीत. आणि बांधायला घेण्याआधी मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात नोंदणीचं विचारून या. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर अनोळखी होडी रात्री किनाऱ्याला लागली की चौकशी होतेच. कागद प्लास्टिकच्या पिशवीत जवळ असू द्या, आणि मुक्कामाच्या गावी कोळीवाड्यात आधी ओळख काढा.

मचवा_ठाणे:
आभारी आहे दादा. परतीला ट्रेलरच मालवणला मागवला तर?

जयगडवाला:
मागवा की, त्यात कमीपणा कसला. फक्त ट्रेलर पाण्यापर्यंत कुठून नेणार ते आधी जाऊन बघा. मालवणच्या दांडी किनाऱ्याच्या वाळूत चाकं रुततात. आणि मांडव्याला ४ मीटरची भरती बघितलेल्या माणसाला मालवणची निम्मीच मिळते, तेव्हा होडी चढवायची वेळ उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची) धरा, भांगाची (अष्टमीच्या सुमाराच्या छोट्या भरतीची) नको.