१९३२ साली मॅकआर्थर यांनी पॉइंट २७६ काडतूस नाकारले, ते योग्य होते का?

चर्चाप्रस्ताव (नेमबाज)

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी पायदळाची एम-वन गॅरंड रायफल सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु चाचण्यांत ती ज्या रूपात निवडली गेली होती, त्या रूपात ती सैनिकांच्या हाती कधीच पडली नाही. जॉन पेडरसन यांनी १९२०च्या दशकात स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात पॉइंट २७६ इंच, म्हणजे साधारण सात मिलिमीटर व्यासाचे, हलके काडतूस आणि त्यासाठी आपोआप भरली जाणारी स्वतःची रायफल सिद्ध केली. १९२८ साली बेशुद्ध डुकरांवर गोळ्या झाडून घेतलेल्या (आज वाचतानाही अंगावर काटा आणणाऱ्या) चाचणीत लहान काडतुसे लष्कराच्या जुन्या, थोड्या मोठ्या पॉइंट ३० इंची काडतुसाच्या तुलनेत कुठेच उणी ठरली नाहीत. पुढे याच पॉइंट २७६ काडतुसासाठी जॉन गॅरंड यांनी बनवलेल्या रायफलीने पेडरसन यांच्या रायफलीला मागे टाकले, १९३२च्या आरंभी तिची शिफारस झाली आणि फेब्रुवारीत लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी काडतूसच फेटाळले. परिणामी गॅरंड पॉइंट ३०साठी बनवावी लागली आणि सैनिकाला दहाऐवजी आठ गोळ्यांची क्लिप (रायफलीत एकदम भरायचा गोळ्यांचा जुडगा), जड काडतुसे आणि खांद्याला जास्त धक्का मिळाला. माझ्या मते पहिल्या महायुद्धातील पॉइंट ३० काडतुसांच्या शिल्लक साठ्याच्या मोहापायी एक उत्तम रायफल वाया घालवली गेली.

हिशेबनीस

असहमत. महामंदीच्या ऐन भरात, तुटपुंजा निधी असलेल्या लष्कराने मशीनगनसाठी एक आणि रायफलीसाठी दुसरे काडतूस बाळगावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. शिवाय गोळी झाडल्यावर रिकामे काडतूस अडकू नये म्हणून ज्या काडतुसांवर मेणाचा पातळ थर द्यावा लागतो, ती चिखलात आणि उन्हात कशी वागली असती, याचाही विचार व्हावा.

नेमबाज

मेणाचा थर पेडरसन यांच्या यंत्रणेला लागत होता. गॅरंड यांची रायफल वायूच्या दाबावर चालत असल्यामुळे तिला त्याची गरज नव्हती, त्यामुळे तो आक्षेप येथे गैरलागू आहे. राहिला साठा. तो १९३६च्या सुमारास, म्हणजे पॉइंट ३०ची गॅरंड स्वीकारली गेली त्याच वर्षी, बराचसा संपत आला होता. आणि एकाच काडतुसाचे तत्त्व इतके पवित्र होते, तर याच लष्कराने १९४१ साली कार्बाइनसाठी, म्हणजे आखूड, हलक्या रायफलीसाठी, वेगळे काडतूस कसे स्वीकारले?

हिशेबनीस

साठा म्हणजे केवळ गोदामातील पेट्या नव्हेत. ती काडतुसे बनवणारी यंत्रे आणि ती झाडणाऱ्या ब्राउनिंग मशीनगनही त्यात आल्या. कार्बाइनचा दाखला मला पटत नाही, कारण ती मुख्यतः पिस्तुलाच्या जागी, अधिकारी आणि तोफा-मशीनगन हाताळणाऱ्यांसाठी होती, तुकडीच्या मुख्य रायफलीसाठी नव्हे.

तिऱ्हाईत

साठ्यावरचा वाद दोघांनीही गरजेपेक्षा ताणला आहे. पायदळाच्या एका तुकडीत रायफलधाऱ्यांसोबत ब्राउनिंग स्वयंचलित रायफल, म्हणजे बीएआर, घेतलेला सैनिक असे आणि ती पॉइंट ३०चेच काडतूस झाडत असे. त्याच्या गोळ्या संपल्या तर शेजाऱ्याच्या क्लिपमधून काढून आपल्या मॅगझीनमध्ये भरता येत. पॉइंट २७६ आणायचे तर बीएआरही बदलायला हवी होती, आणि त्या खर्चाचा उल्लेख प्रस्तावात नाही. एवढे झाल्यावरच धक्का आणि दोन जादा गोळ्यांचे मोल ठरवता येईल. मला ते मोल कमी वाटत नाही, पण १९३२च्या अंदाजपत्रकात ते बसले असते असेही वाटत नाही.